झूम हवा, पण फोकस आधी : फिल्मचा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना कोलकात्यात काय पाहावे

कोलकाता : चौरंगीवर १९३५ साली उभ्या राहिलेल्या मेट्रो चित्रपटगृहाच्या बाजूची गल्ली ‘मेट्रो गल्ली’ या नावानेच ओळखली जाते. कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती यांसाठी कोलकातावासीयांची पावले अनेक वर्षे इकडे वळत आली आहेत. डिजिटल कॅमेऱ्याने आणि त्यानंतर मोबाइलने फिल्मचा बाजार जवळपास मोडीत काढल्यावर येथील काचेच्या कपाटांत जे जुने कॅमेरे धूळ खात पडले होते, त्यांनाच आता पुन्हा मागणी आली आहे. ही मागणी करणाऱ्यांपैकी अनेकांनी फिल्मचा रोल याआधी कधी हातातही घेतलेला नसतो. त्यांना हवा असतो खिशात मावणारा, स्वतःच फोकस साधणारा आणि दूरचे दृश्य जवळ आणणारा कॅमेरा. मागणी साधी वाटते. परंतु या तीन अपेक्षा एकमेकींच्या आड कशा येतात, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक ठरते.

मोबाइलवर फसलेले छायाचित्र क्षणात दिसते आणि पुन्हा काढता येते. फिल्मवर तसे नाही. दुर्गापूजेच्या पाच दिवसांत काढलेले ३६ फोटो अस्पष्ट आले आहेत, हे रोल धुऊन आल्यावरच कळते. तोवर मूर्तीचे विसर्जन झालेले असते, पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. घरातील वृद्धांचे चित्र टिपण्यासाठी हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्याने दगा दिला, तर तो क्षण पुन्हा उभा करता येईलच असे नाही.

पहिली गोष्ट स्पष्ट करायला हवी. झूम भिंग आणि ऑटोफोकस या दोन्ही सोयी असलेला नवा फिल्म कॉम्पॅक्ट घ्यायचा म्हटले, तर आज हाताशी फारसे काही लागत नाही. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या ‘पेंटॅक्स १७’ची मोठी चर्चा झाली, मात्र त्याचे भिंग एकाच अंतराचे आहे आणि फोकस हाताने, चिन्हे पाहून, टप्प्याटप्प्याने बदलावा लागतो. त्याच वर्षीच्या ‘रोलाय ३५ एएफ’मध्ये ऑटोफोकस आहे, झूम नाही. त्यामुळे ज्याला दोन्ही हवे त्याला १९८० च्या दशकाची अखेर ते २००० नंतरची पहिली काही वर्षे, या काळात तयार झालेल्या वापरलेल्या कॅमेऱ्यांकडेच वळावे लागते. म्हणजे निवड करायची ती वीस ते पस्तीस वर्षे वयाच्या विद्युत यंत्रातून.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. १९७७ मध्ये जपानच्या कोनिका कंपनीने ‘सी ३५ एएफ’ हा ऑटोफोकस असलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा बाजारात आणला. दोनच वर्षांनी कॅननच्या ‘एएफ ३५ एम’ने अवरक्त किरण सोडून अंतर मोजण्याची पद्धत रूढ केली. १९८६-८७ च्या सुमारास आलेल्या ‘पेंटॅक्स झूम ७०’ने ३५ ते ७० मिलिमीटरचे झूम भिंग या छोट्या कॅमेऱ्यात बसवले. त्यानंतर पेंटॅक्सची ‘एस्पिओ’, ऑलिंपसची ‘म्यू झूम’, कॅननची ‘शुअर शॉट’ अशा मालिकांमध्ये झूमची जणू शर्यतच लागली. ७० वरून १०५, १०५ वरून १४०, पुढे १६० मिलिमीटर. भारतात त्या काळी मध्यमवर्गीय घरांत कोडॅक ‘केबी १०’सारखे, फोकस कायमचा एकाच ठिकाणी बसवलेले कॅमेरे अधिक होते. झूम कॅमेरा बहुधा परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून यायचा. त्यामुळे आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या अशा कॅमेऱ्यांची माहितीपुस्तिका, पेटी किंवा खरेदीची पावती सहसा सोबत नसते.

आता झूमच्या आकड्यांविषयी. विक्रेता १४० हा आकडा पुढे करतो. भिंगाच्या कडेला त्याच ओळीत लिहिलेला दुसरा आकडा मात्र कोणी वाचत नाही. ऑलिंपसच्या ३८ ते १४० मिलिमीटर झूम असलेल्या म्यू कॅमेऱ्याचे भिंग रुंद टोकाला एफ ४ इतके उघडते, तर लांब टोकाला केवळ एफ ११. एफ ४ च्या तुलनेत एफ ११ ला सुमारे एक अष्टमांश प्रकाशच फिल्मपर्यंत पोहोचतो. पूजेच्या मंडपातील रोषणाईत ४०० आयएसओच्या फिल्मवर रुंद टोकाला १/३० सेकंद पुरत असेल, तर त्याच ठिकाणी पूर्ण झूम केल्यावर सुमारे १/४ सेकंद लागेल. हातात धरलेला कॅमेरा इतका वेळ स्थिर राहणे कठीण. शिवाय भिंग जितके लांब तितकी हाताची थरथर चित्रात अधिक दिसते. १४० मिलिमीटरला १/१२५ सेकंदाच्या आसपासचा वेग असावा, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे.

कॅमेरा अशा वेळी स्वतःहून फ्लॅश लावतो. त्यानेही प्रश्न सुटत नाही. समजा फ्लॅशचा मार्गदर्शक अंक १२ आहे. या अंकाला एफ-आकड्याने भागले की फ्लॅश किती मीटरपर्यंत पोहोचेल ते मिळते. १०० आयएसओला एफ ४ वर तीन मीटर. एफ ११ वर जेमतेम एक मीटर. ४०० आयएसओची फिल्म घातली तर ही अंतरे दुप्पट होतात, म्हणजे लांब टोकाला सव्वादोन मीटरच्या आत. दूरची मूर्ती जवळ आणण्यासाठी झूम करायचे आणि प्रकाश मात्र पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवर पाडायचा, असा हा व्यवहार आहे. मंडपातून आलेल्या रोलमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीफटक डोकी का दिसतात, याचे उत्तर येथे सापडते.

लांब झूमचा फोकसवर पडणारा भार तर याहून कमी लक्षात घेतला जातो. तीन मीटरवर उभ्या असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र ३८ मिलिमीटरला एफ ४ वर घेतले, तर सुमारे २.४ मीटरपासून ४ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. कॅमेऱ्याचा अंदाज हातभर चुकला तरी चूक खपून जाते. तेच चित्र १४० मिलिमीटरला एफ ११ वर घेतले की स्पष्टतेचा हा पट्टा २.८६ ते ३.१६ मीटर इतका, म्हणजे अवघा ३० सेंटिमीटरचा उरतो. रुंद टोकाला चांगला वाटणारा कॅमेरा लांब टोकाला अचानक बिघडल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते. सुरुवातीच्या ऑटोफोकस कॉम्पॅक्टमध्ये अंतराचे मोजकेच टप्पे असत. नंतरच्या पिढीत ते कितीतरी पटींनी वाढले. म्हणूनच झूम हवा असेल तर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील कॅमेरा पाहणे अधिक शहाणपणाचे, आणि ७० ते १०५ मिलिमीटरच्या पुढे जाण्याचा मोह टाळणे त्याहून शहाणपणाचे.

फोकस साधण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत आणि दोन्हींचे स्वभाव वेगळे. सक्रिय पद्धतीत कॅमेरा पुढच्या एका छोट्या खिडकीतून अवरक्त किरण सोडतो. वस्तूवर आपटून परतलेला किरण दुसऱ्या खिडकीत कोणत्या कोनात येतो, त्यावरून अंतर काढतो. यासाठी बाहेरच्या प्रकाशाची गरज नसल्याने अंधाऱ्या खोलीतही ती चालते. मात्र काचेसमोर ती फसते. कोलकात्याच्या ट्रामच्या बंद खिडकीतून किंवा विमानाच्या खिडकीतून असा कॅमेरा बाहेरचे दृश्य टिपू लागला, की किरण काचेवरूनच परततो आणि फोकस काचेवर बसतो. काळी छत्री, गडद मखमल, काळेभोर केस हे किरण शोषून घेतात. ज्वाला आणि धूरही त्याला चकवतात; पूजेतील धुनुची नृत्याचे चित्र घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

निष्क्रिय पद्धतीत कॅमेरा काहीच सोडत नाही. दोन छोट्या भिंगांतून दिसणाऱ्या प्रतिमांची तुलना करून तो अंतर ठरवतो. काचेतून पाहणे, दूरचे दृश्य पाहणे त्याला जमते. परंतु पाहण्यासाठी उजेड लागतो आणि पकडण्यासाठी रेषा किंवा कडा लागते. कोरी भिंत, हुगळीवरचे हिवाळी धुके, अंधारलेला जिना यांसमोर तो गोंधळतो. नंतरच्या काही कॅमेऱ्यांत दोन्ही पद्धती एकत्र वापरलेल्या आढळतात. किंमत फार वेगळी नसेल तर त्यांना पसंती द्यावी.

दुकानात उभ्या उभ्या हे ओळखायचे कसे? मोबाइलचा कॅमेरा सुरू करून तो फिल्म कॅमेऱ्याच्या पुढच्या खिडक्यांवर धरावा आणि बटण दाबावे. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही. मात्र अनेक मोबाइलच्या, विशेषतः त्यांच्या पुढच्या कॅमेऱ्यात, तो जांभळट ठिपक्यासारखा चमकतो. चमकला तर पद्धत सक्रिय आहे आणि किरण सोडणारा भाग जिवंत आहे, हे दोन्ही एकदमच कळते. मात्र सगळ्याच मोबाइलना तो दिसत नाही, त्यामुळे ठिपका न दिसल्याने कॅमेरा बिघडलेला ठरत नाही. त्या छोट्या खिडक्या स्वच्छ आहेत ना, हेही पाहावे. बोटाचा तेलकट ठसा किंवा घाम एवढ्यानेसुद्धा मापन चुकते.

ऑटोफोकसची एक जुनी खोड अनेकांच्या घरच्या अल्बममध्ये आजही पाहायला मिळते. दोन माणसे शेजारी-शेजारी उभी, दोघेही अंधुक आणि मधल्या फटीतून दिसणारी मागची भिंत मात्र सुस्पष्ट. एकाच मध्यबिंदूवर मापन करणारा कॅमेरा त्या फटीतून आरपार जातो. तीन किंवा पाच बिंदूंवर मापन करणारे कॅमेरे या बाबतीत पुष्कळ सुधारलेले आहेत. मध्यबिंदूवाला कॅमेरा असल्यास चेहरा मध्यभागी धरून बटण अर्धे दाबायचे, ते तसेच ठेवून चौकट सरकवायची आणि मग पूर्ण दाबायचे. अर्धे दाबल्यावर दर्शिकेजवळचा हिरवा दिवा स्थिर राहिला तर फोकस मिळाला, लुकलुकला तर विषय फार जवळ आहे किंवा मापन जमलेले नाही, असा सर्वसाधारण संकेत असतो. दूरच्या दृश्यासाठी डोंगराचे चिन्ह असलेले बटण असेल तर उत्तमच. ट्रामच्या काचेचा प्रश्न त्याने सहज सुटतो. ट्राम पाहायला येणाऱ्यांनी मात्र फार उशीर करू नये. १८७३ मध्ये घोड्यांच्या साहाय्याने सुरू झालेली ही सेवा मैदान ते एस्प्लनेड हा टप्पा वगळता बंद करण्याचा इरादा राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला होता.

भिंगाचे रुंद टोक किती रुंद आहे, याकडेही लक्ष द्यावे. बहुसंख्य झूम कॉम्पॅक्ट ३८ मिलिमीटरपासून सुरू होतात. कुमारटुलीच्या बोळांत, जेथे मातीच्या मूर्ती आणि भिंत यांच्यात माणूस आडवा होऊन जातो, तेथे ३८ मिलिमीटर अपुरे पडते. मागे सरकायला जागाच नसते. ‘पेंटॅक्स एस्पिओ ९२८’ किंवा ‘१२० एसडब्ल्यू’ यांसारखे २८ मिलिमीटरपासून सुरू होणारे कॅमेरे अशा शहरात अधिक उपयोगी ठरतात. दूरचे दृश्य जवळ आणण्याची हौस मैदानावर किंवा गंगेच्या घाटावर भागते. जुन्या कोलकात्याच्या गल्ल्यांत प्रश्न उलटा असतो.

याच शहरात झूमविना काय साधता येते, याचा दाखला निमाई घोष यांच्या कामात आहे. सत्यजित राय यांच्या चित्रीकरणाची सुमारे पंचवीस वर्षे छायाचित्रे काढणाऱ्या घोष यांची सुरुवात झाली ती कोणीतरी टॅक्सीत विसरून गेलेल्या आणि मित्राकरवी हाती आलेल्या कॅनन ‘कॅनोनेट क्यूएल १७’ या छोट्या कॅमेऱ्याने. ‘गुपी गाइन बाघा बाइन’च्या चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी तो वापरला. त्याला झूम नव्हते, ऑटोफोकसही नव्हता. होते ते एफ १.७ इतके उघडणारे भिंग. एफ ११ च्या तुलनेत हे सुमारे चाळीसपट प्रकाश आत घेते. घोष उपलब्ध प्रकाशातच काम करीत. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मार्च २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांना मुख्यतः घरात किंवा संध्याकाळनंतर छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी झूमचा हट्ट सोडून मोठ्या छिद्राचे, एकाच अंतराचे भिंग निवडणे अधिक योग्य.

मात्र त्या वर्गातील प्रसिद्ध नावांना सध्या सोन्याचा भाव आहे. १९९० सालचा ‘कॉन्टॅक्स टी २’ २०१७ मध्ये अमेरिकी मॉडेल केंडल जेनर हिने दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात दाखवल्यानंतर जगभर महागला. त्याच घराण्यातील २८ ते ५६ मिलिमीटर झूमचा ‘टीव्हीएस’ हा कॅमेरा बांधणीने उत्तम आहे. तरी त्याचे छिद्रही एफ ३.५ ते ६.५ इतकेच आहे. नावाला द्यावी लागणारी किंमत आणि चित्रात पडणारा फरक यांचे प्रमाण जुळत नाही. तुलनेने अप्रसिद्ध असलेला, पण चालू स्थितीतील एस्पिओ किंवा शुअर शॉट बहुतेक घरगुती गरजा भागवतो.

कोलकात्यात खरेदी करणाऱ्याला आणखी एका शत्रूचा विचार करावा लागतो. तो म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात येथील हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते आणि बंद कपाटातील भिंगावर बुरशी धरायला तेवढे पुरते. झूम कॉम्पॅक्टचे भिंग दुर्बिणीसारखे आत-बाहेर होते. प्रत्येक हालचालीत ते बाहेरची हवा, धूळ आणि ओलावा आत ओढते. त्यामुळे कॅमेऱ्याचे मागचे दार उघडून, मोबाइलचा दिवा तिरका धरून भिंग दोन्ही बाजूंनी पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले तर कॅमेरा परत ठेवावा, किंमत कितीही कमी असली तरी. ही भिंगे उघडून स्वच्छ करणे खर्चिक असते आणि पुन्हा जोडताना फोकस अचूक बसेलच याची खात्री नसते. मुंबई, कोकण आणि गोव्यातील वाचकांनाही हा इशारा तितकाच लागू आहे.

घरी स्क्रू काढून पाहण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. फ्लॅशसाठी बसवलेल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार साठलेला असतो आणि बॅटरी काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो.

उरलेली तपासणी सोपी आहे. यातील बऱ्याच कॅमेऱ्यांना ‘सीआर १२३ ए’ ही तीन व्होल्टची लिथियम बॅटरी लागते. नवी बॅटरी स्वतःबरोबर न्यावी, म्हणजे ‘बॅटरी संपली आहे, बाकी सगळे ठीक आहे’ या वाक्याला जागा उरत नाही. झूम दहा-बारा वेळा आत-बाहेर करावा. भिंग अडखळले, किंवा ठरावीक जागी आले की पडदी विझली, तर आतील लवचिक तारपट्टी तुटत आली आहे असे समजावे. झूम कॅमेऱ्यांचे हे नेहमीचे दुखणे आहे आणि सुटे भाग आता तयार होत नाहीत. मागच्या दाराची कडी घट्ट बसते का, फ्लॅश किती सेकंदांत भरतो, फ्लॅश बंद करण्याची सोय आहे का, तेही पाहावे. ऑलिंपस म्यू मालिकेत कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला की फ्लॅश स्वयंचलित स्थितीवर परत येतो; प्रत्येक वेळी तो हाताने बंद करण्याचा कंटाळा येणाऱ्याने आधीच विचार करावा.

फिल्मच्या डबीवरील चंदेरी-काळ्या चौकटींची खूण, म्हणजे डीएक्स संकेत, वाचून हे कॅमेरे आयएसओ ठरवतात. हाताने तो बदलण्याची सोय बहुतेकांत नसते. चित्रपटांसाठीची फिल्म छोट्या डब्यांत भरून विकली जाते, तेव्हा अनेकदा ही खूण नसते आणि मग कॅमेरा आपल्याच मनाने, बहुधा १०० आयएसओ धरून चालतो. नवशिक्याने खूण असलेली ४०० आयएसओची साधी रंगीत निगेटिव्ह फिल्म घ्यावी. झूमच्या अरुंद छिद्राला तीच झेपते.

यंत्राची खरी परीक्षा शेवटी फिल्मवरच होते. खरेदीचे पैसे देताना एक रोल तपासून पाहण्याची आणि दोष आढळल्यास परत करण्याची मुदत विक्रेत्याकडून लिहून घ्यावी. एस्प्लनेडच्या परिसरातच एखाद्या लांब लोखंडी कठड्यासमोर तिरके उभे राहून, कठड्याच्या एका ठरावीक गजावर फोकस धरून, एक मीटर, तीन मीटर आणि दूर अशा तीन अंतरांवर, रुंद आणि लांब अशा दोन्ही टोकांना छायाचित्रे घ्यावीत. कोणता गज स्पष्ट आला हे निगेटिव्हवर भिंगाने पाहता येते. नेमलेल्या गजाऐवजी सतत पुढचा किंवा सतत मागचाच गज स्पष्ट येत असेल, तर कॅमेऱ्याचे मापन सरकलेले आहे. चार चित्रे काचेतून, चार रात्री फ्लॅशने आणि चार फ्लॅशविना घ्यावीत. प्रत्येक चित्राची नोंद वहीत ठेवावी. आठवडाभराने रोल धुऊन येतो तेव्हा कोणते चित्र कुठल्या टोकाला घेतले होते हे आठवत नाही.

कॅमेऱ्याबरोबर निगेटिव्हही जपाव्या लागतात. याच एस्प्लनेड परिसरातील, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या ‘बोर्न अँड शेफर्ड’ या छायाचित्रगृहाचा मोठा संग्रह १९९१ च्या आगीत नष्ट झाला आणि २०१६ मध्ये ते छायाचित्रगृहच बंद झाले. घरगुती निगेटिव्ह सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात, कॅमेराही तसाच. जेलचा रंग बदलला की ते बदलावे किंवा तापवून कोरडे करावे. पूजेसाठी महाराष्ट्रातून विमानाने येणाऱ्यांनी न धुतलेले रोल कधीही चेक-इन सामानात टाकू नयेत. ते पारदर्शक पिशवीत हाती ठेवावेत आणि सुरक्षा तपासणीच्या वेळी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना ते यंत्राऐवजी हाताने तपासण्याची विनंती करावी. नव्या सीटी पद्धतीच्या तपासणी यंत्रांतून एकदा गेलेल्या फिल्मवरही धुकट पडदा येऊ शकतो.